अपघाताच्या आधीची मोजदाद

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता या नावाने दक्षिणेकडे वाहू लागतात, तेथून पूर्वेस आलापल्लीच्या सागवानी अरण्याच्या अंगाने पसरलेला मुलचेरा तालुका हा गोंड-माडियांच्या जुन्या गावांचा आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतींचा मुलूख आहे. कारखान्याच्या भोंग्यावर येथील दिवस उगवत नाही. तरीही मे महिन्याचा आरंभ होताच येथील जंगल एका विशाल कार्यशाळेचे रूप धारण करते. पहाटेच्या अंधारात घरे सोडून स्त्रिया, पुरुष, म्हातारीकोतारी माणसे आणि शाळेला सुटी लागलेली मुलेसुद्धा तेंदूपानांसाठी जंगलात शिरतात. होळीच्या आगेमागे खूटकटाई, म्हणजे बुंध्याशी छाटणी, करून ठेवलेल्या झुडपांना फुटलेली नवी पाने वाकून किंवा उकिडवे बसून खुडतात. ऊन डोक्यावर येण्यापूर्वी ओझी घेऊन परततात, ओसरीवर बसून पुडे बांधतात, आणि सायंकाळी ते फडावर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, नेऊन मुनशीच्या पुढे मांडतात. हंगाम उण्यापुऱ्या पंधरा-वीस दिवसांचा. पण खरिपाचे बियाणे आणि वर्षभराचे किडुकमिडुक देणे बहुधा याच कमाईतून भागते.

फडावरची मोजणी मोठी काटेकोर असते. सत्तर पानांचा एक पुडा, आणि असे पुडे ओळीने जमिनीवर मांडलेले. मुनशी त्यांतला एखादा मध्येच उचलतो, गाठ सैल करून पाने मोजतो, फाटकी आणि डागाळलेली बाजूला काढतो, आणि मग कुटुंबाच्या कार्डावर आकडा चढवून सही करतो. पाने उन्हात किती दिवस पडली, केव्हा पालटली, पोती कोणत्या तारखेला भरली, या सगळ्याचा तपशील दप्तरात सापडतो. मात्र ती पाने खुडणारी बाई सकाळी किती जणींच्या सोबतीने जंगलात गेली, कोणत्या बाजूला गेली, त्या बाजूला आदल्या दिवशी वाघाचे ठसे उमटले होते काय, आणि दुपारपर्यंत ती सुखरूप परतली काय, यासाठी माझ्या पाहण्यात आलेल्या कोणत्याही वहीत रकाना नव्हता. मालाची मोजदाद पानागणिक आणि माणसाची मोजदाद मात्र तो दगावल्यावर, ही विषमता केवळ या जंगलातली नाही. सुरक्षिततेचे मोजमाप कशाने करावे या प्रश्नावर साऱ्या औद्योगिक जगाने गेली शंभर वर्षे जो घोळ घातला, त्याचेच ते एक रूप आहे.

कामाच्या जागेची सुरक्षितता अपघात मोजून ठरविण्याची पद्धत रूढ झाली, यात नवल काही नाही. मृत्यू लपविणे कठीण असते, जखम डोळ्यांना दिसते, आणि दोहोंची इत्तला सरकारात देणे कायद्याने बंधनकारक असते. दहा लाख मनुष्य-तासांमागे किती दुखापती झाल्या, या दरावरून कारखान्यांची तुलना होते आणि फाटकावरच्या फलकावर अपघातावाचून गेलेल्या दिवसांचा आकडा मोठ्या अभिमानाने रोज बदलला जातो. परंतु या दराचे गणित जरा जवळून पाहावे. एखाद्या आरागिरणीत दोनशे माणसे दिवसाला आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस राबतात असे धरले, तर वर्षाचे तास भरतात ४,८०,०००. म्हणजे अपघात न झाल्यास दर शून्य, आणि एकच झाल्यास तो एकदम दोनाच्या वर. करवतीवरचे संरक्षक कवच काढून ठेवलेले असताना वर्ष निभावून गेले तरी शून्य, आणि कवच जागच्या जागी असताना वर्ष सरले तरी शून्यच. दैव आणि दक्षता यांतला भेद ज्या मापाला कळत नाही, त्याच्या भरवशावर बंदोबस्त करणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला, हाच प्रकार होय.

शिवाय या मापाला आणखी एक खोड आहे. कारखान्यात दुखापतीमुळे कामगार ४८ तासांहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही की तिची नोंद सरकारदरबारी जाते. खाणीत हीच मर्यादा जुन्या खाण-कायद्याखाली ७२ तासांची होती. आता ज्या विभागाचे बक्षीस, ज्या अधिकाऱ्याची बढती, किंवा ज्या कंत्राटदाराचे पुढील वर्षाचे काम शून्य अपघातांवर अवलंबून, तेथे पट्टी बांधलेल्या माणसाला गाडीतून आणून खुर्चीवर बसवायचे आणि हजेरीपटावर त्याची हजेरी लावायची, ही युक्ती कोणाला शिकवावी लागत नाही. आकडा सुधारतो, करवत तशीच राहते. अपघातावर बक्षिसाचा भार टाकला की अपघात घटण्याआधी त्यांची नोंद घटते, हा अनुभव देशोदेशींचा आहे.

त्याची सर्वांत विदारक उदाहरणे तेल-उद्योगात घडली. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात, दुरुस्तीनंतर एक विभाग पुन्हा सुरू करीत असताना, मनोऱ्यातील द्रवाची पातळी दाखविणारी उपकरणे नादुरुस्त असल्यामुळे तो प्रमाणाबाहेर भरला, बाहेर पडलेल्या ज्वालाग्राही वायूचा भडका उडाला, आणि पंधरा माणसे प्राणाला मुकली. पुढे त्या कंपनीच्या सुरक्षा-व्यवस्थेची पाहणी करणाऱ्या बेकर समितीने २००७ मध्ये दिलेल्या अहवालाचा इत्यर्थ असा होता की घसरणे, पडणे, बोट चेमटणे अशा वैयक्तिक दुखापतींचे घटते प्रमाण पाहून व्यवस्थापनाने साऱ्या कारखान्याची प्रकृती उत्तम असल्याचा समज करून घेतला होता. पाच वर्षांनी, २० एप्रिल २०१० रोजी, मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तरंगत्या मंचावर वरिष्ठ अधिकारी भेटीस आले होते. एकही कामाचा दिवस दुखापतीने वाया न जाता गेलेल्या सात वर्षांचे कौतुक हा त्या भेटीचा एक हेतू होता. आणि त्याच रात्री त्या मंचाचा स्फोट होऊन अकरा कामगार मरण पावले. सात वर्षांच्या त्या निर्मळ आकड्याने विहिरीच्या तोंडाशी साचत असलेल्या दाबाविषयी एक अक्षरही सांगितले नव्हते.

म्हणून सुरक्षाशास्त्राचे अभ्यासक मापकांचे दोन वर्ग करतात. जे घडून गेले ते सांगणारी मापके अनुगामी. आणि अपघात होऊ नये म्हणून जे करावयास हवे ते झाले की नाही, हे अपघाताच्या आधीच सांगणारी मापके अग्रगामी. हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतील गृहस्थाने १९३१ साली एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० निर्धोक सुटलेल्या घटना असतात असे प्रमाण मांडले, तेव्हापासून थोडक्यात टळलेल्या अपघातांकडे लक्ष वेधले गेले, हे त्याचे उपकार मानावेत. पण त्या प्रमाणाची पूजा करू नये. बोट कापण्याची कारणे आणि स्फोटाची कारणे वेगळी असतात, आणि पहिली नाहीशी केल्याने दुसरी आपोआप नाहीशी होत नाहीत, हे टेक्सास सिटीने पुरेसे सिद्ध केले.

गंमत म्हणजे ही अग्रगामी मापकांची कल्पना आपण परदेशी व्यवस्थापनशास्त्राची नवी देणगी समजतो, आणि आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसाखाणींत ती कित्येक पिढ्या नांदत आली आहे हे विसरतो. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. खाणींवर देखरेख ठेवणारे सरकारी कार्यालय १९०२ मध्ये कलकत्त्यास स्थापन होऊन १९०८ मध्ये धनबादला गेले. आणि खाणीच्या नियमांनी अगदी तळाच्या अधिकाऱ्यावर, म्हणजे मायनिंग सरदारावर, जे काम सोपविले आहे ते पाहिले म्हणजे या विषयाचे सार हाती येते. पाळीचे कामगार खाली उतरण्यापूर्वी सरदाराने आपल्या हद्दीतील प्रत्येक कामाच्या जागी स्वतः जावयाचे. डोक्यावरच्या छतावर तो काठीने ठोके देतो. टणक, खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहे, ढबढबीत आला तर थर वरून सुटला आहे, आणि तो पाडून घेतल्याशिवाय किंवा त्याखाली टेका दिल्याशिवाय तेथे माणूस पाठवावयाचा नाही. मग हातातल्या सुरक्षा-दिव्याची वात तो बारीक करतो आणि दिवा हळूहळू छतापाशी नेतो. ज्योतीच्या टोकावर निळसर, फिकट टोपी चढलेली दिसली की हवेत मिथेन आहे. हे प्रमाण सव्वा टक्क्यावर गेले की वीज बंद आणि माणसे बाहेर. हे सर्व झाल्यावर तो वहीत वेळ घालून, काय आढळले ते लिहून सही करतो, आणि त्या सहीनंतरच पाळी सुरू होते.

या वहीत अद्याप कोणाला काही इजा झालेली नाही. तिच्यात मृत नाही, जखमी नाही. आहे ती केवळ केलेल्या तपासणीची नोंद, आढळलेला दोष, तो दूर केल्याची वेळ, आणि एका नावानिशी ओळखता येणाऱ्या इसमाची सही. अग्रगामी मापक याहून निराळे काय असते? किती जागा तपासावयाच्या होत्या आणि किती तपासल्या, किती दोष आढळले आणि त्यांतले किती मुदतीत दूर झाले, हे दोन भागाकार केले की महिन्याचे माप तयार होते. पाचशे किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या खाणीत कामगारांच्या वतीने तपासणी करणारा निरीक्षक नेमण्याची तरतूद खाण-नियमांत आहे, तीही याच जातीची. सरदाराची वही खरी की केवळ खोलीत बसून भरलेली, याची खातरजमा दुसऱ्या डोळ्यांनी व्हावी, एवढाच तिचा हेतू.

हे माप पाळले गेले नाही म्हणजे काय होते, ते २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत दिसले. शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतील पाणी फुटून आत शिरले आणि ३७५ माणसे बुडाली. जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत खोदकाम नेऊ नये, नेणे भाग पडल्यास परवानगी घेऊन पुढे छिद्रे पाडून पाण्याचा माग काढीत जावे, असा नियम आहे. ते छिद्र म्हणजे पाण्याला आधी विचारलेला प्रश्न. किती हात खोदकाम झाले हे रोज मोजणाऱ्या खाणीने किती छिद्रे पुढे पाडली हेही रोज मोजले पाहिजे, आणि दुसरा आकडा मागे पडला तर पहिला थांबविला पाहिजे. चासनालाची आठवण ठेवावयाची ती एवढ्यासाठी.

मुलचेऱ्यातील वाचकाला याहून जवळचा दाखला हवा असेल तर तो हिवतापाचा आहे. गडचिरोली जिल्हा हिवतापाने वर्षानुवर्षे गांजलेला, आणि हिवताप-नियंत्रणाच्या कार्यक्रमात दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवण्याची रीत आहे: हजार लोकसंख्येमागे रुग्ण किती सापडले हा एक, आणि लोकसंख्येच्या किती टक्के माणसांचे रक्त तपासले हा दुसरा. दुसरा आकडा वर्षाकाठी दहा टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी अपेक्षा असते. याचे मर्म असे की रक्ताचे नमुनेच घेतले नाहीत तर रुग्णसंख्या आपोआप घटते, आणि तालुका कागदोपत्री निरोगी होतो. उलट एखाद्या कष्टाळू आरोग्यसेवकाने दूरच्या टोल्या-पाड्यांपर्यंत चालत जाऊन नमुने आणले तर त्या वर्षी आकडा चढतो. असा चढलेला आकडा पाहून त्या सेवकालाच जाब विचारणारा वरिष्ठ पुढच्या वर्षी उत्तम आकडे मिळवील आणि ताप मात्र पसरवील. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदींचेही तसेच आहे. नोंद ठेवण्याची शिस्त लागली की पहिली काही वर्षे त्या वाढतातच, आणि ती वाढ पाहून घाबरून जाणारा अधिकारी ती वही स्वतःच्या हाताने मिटवून टाकतो.

येथे उत्तरदायित्वाचा प्रश्न येतो, आणि मला तो मापकांहून अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या आकड्यापुढे कोणाचेही नाव नाही तो आकडा भिंतीवर टांगण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा नसतो. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायू सुटला तेव्हा टाकीचे शीतकरण बंद होते आणि वायू जाळून टाकणाऱ्या धुराड्याची जोडणी तुटलेली होती. म्हणजे अपघाताच्या आधीच मोजता आल्या असत्या अशा गोष्टी आधीच मोडून पडल्या होत्या. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिने कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कायद्याने जबाबदार धरला जाणारा इसम, म्हणून कोणातरी कनिष्ठ नोकराला पुढे करण्याची वाट बंद केली. भोगवटादार हा संचालकांपैकीच एक असला पाहिजे असे ठरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते कायम केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बंदुकीच्या दारूचा कारखाना काढणाऱ्या द्यू पाँ कुटुंबाने आपले राहते घर कारखान्याला लागूनच बांधले होते, आणि नव्याने उभारलेल्या गिरणीत व्यवस्थापनातील वरिष्ठाने ती स्वतः चालवून पाहिल्याशिवाय कामगाराने पाऊल ठेवू नये असा दंडक घातला होता. जोखीम ज्याच्या हुकमाने निर्माण होते त्याने तिच्या जवळ उभे राहावे, हे न्यायाचे तत्त्व त्यात आहे.

मात्र उत्तरदायित्व आणि शिक्षा यांची गल्लत करू नये. सरदाराला जाब विचारावयाचा तो त्याने छत ठोकून पाहिले की नाही याबद्दल. छत पोकळ लागल्याचे त्याने लिहिले आणि त्यामुळे पाळी दोन तास उशिरा सुरू झाली, याबद्दल त्याला दमात घेतले तर दुसऱ्या दिवसापासून त्या खाणीतली सारी छते वहीत तरी टणक होतील.

आता पुन्हा तेंदूच्या जंगलात यावे. येथे पहिली अडचण अशी की पान खुडणारे कुटुंब कोणाचे कामगार आहे, हेच कोणत्याही दप्तरात स्पष्ट नाही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आता स्वतः तेंदूचा लिलाव करतात. ज्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्या जिल्ह्याला हे भूषणास्पद आहे. पण कंत्राटदार ग्रामसभेकडून पाने घेतो, ग्रामसभा कुटुंबाला पुड्याचा भाव देते, जंगलावर देखरेख वनखात्याची, आणि या तिघांच्या मधोमध पहाटे साडेचारला जंगलात शिरणारी बाई कोणाच्याच मस्टरवर नाही. तेरा कायदे एकत्र करून केलेली व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तरी स्वतःच्या गावच्या वनातून पाने खुडणाऱ्या कुटुंबाला तिचे छत्र कसे लाभणार, हा प्रश्न उरतोच.

परिणामी तिचा मृत्यू कामावरचा अपघात म्हणून कोठेही गणला जात नाही. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. गडचिरोलीच्या वडसा वनविभागात ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद झालेल्या सीटी-१ या वाघाने तेरा माणसे मारली होती. अशा प्रसंगी पंचनामा वनखात्याचा होतो, वारसांना २५ लाख रुपये मिळतात, आणि घटना वन्यप्राणी आणि मानव यांच्या संघर्षाच्या खात्यावर जमा होते. मदत मिळते हे योग्यच. परंतु ती मदतही मागाहूनचे माप आहे. तोडणी करताना साप चावला, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भोवळ येऊन कोणी पडले, तर एवढीही नोंद होत नाही. सुरजागडच्या टेकडीवरून निघणारे लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने धावणाऱ्या मालमोटारीखाली माणूस सापडला तर तो पोलिसांच्या दप्तरी रस्ता-अपघात ठरतो, कारण खाणीची हद्द मागे कित्येक कोस संपलेली असते. धोका जेथवर जातो तेथवर वही जात नाही.

ही वही जेथवर नेता येईल तेथवर नेण्यास ना मोठे भांडवल लागते, ना परदेशी तज्ज्ञ. फडावर पानांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवावी. प्रत्येक टोल्यातून किती गट निघाले, गटात पाचांहून कमी माणसे होती काय, आणि सगळी परतली काय, हे रोज लिहावे. निघताना घेतलेली नावे परतल्यावर वाचून दाखविली म्हणजे झाले. ज्या कक्षात मागील तीन दिवसांत वाघाचे ठसे किंवा मारलेले जनावर आढळले, तो कक्ष त्या दिवशी तोडणीसाठी बंद ठेवला की नाही, आणि बंद ठेवल्याची दवंडी आदल्या संध्याकाळी किती टोल्यांत पोचली, हे मोजावे. वाकलेली किंवा बसलेली आकृती वाघाला चतुष्पाद सावजासारखी भासते असे जाणकार सांगतात. तेव्हा खुडणाऱ्यांपैकी एकाने उभे राहून आळीपाळीने राखण करण्याची प्रथा किती गटांनी पाळली, हेही विचारता येते. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविष हंगामाच्या पहिल्या दिवशी होते काय. फडावरून रुग्ण नेण्यासाठी ठरविलेले वाहन खरोखरच किती मिनिटांत येते, ते एकदा रिकामे बोलावून पाहिले काय. वाघ दिसला पण काही घडले नाही, अशा बातम्या आज संध्याकाळच्या गप्पांत विरून जातात. त्या वहीत उतरल्या, आणि सांगणाऱ्याची त्या दिवसाची तोडणी बुडाल्यास त्याला ठरावीक भरपाई मिळाली, तर हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात जंगलाचा एक असा नकाशा तयार होईल जो आज कोणाही एका माणसाजवळ नाही.

यातल्या प्रत्येक रकान्यापुढे एक नाव असावे. गटांच्या नोंदीपुढे फडमुनशीचे, कक्ष बंद करण्यापुढे वनरक्षकाचे, वाहन आणि पाणी यांच्यापुढे कंत्राटदाराचे, आणि या सर्वांची वही दर आठवड्याला वाचण्यापुढे ग्रामसभेने ठरविलेल्या दोन माणसांचे, ज्यांतली एक तरी स्वतः पाने खुडणारी स्त्री असावी. ग्रामसभेला हे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. लिलावाच्या अटी ती स्वतःच लिहिते. पोत्याचा भाव, अनामत, उचलीची मुदत या अटी जेथे लिहिल्या जातात, त्याच कागदावर राखणदाराची मजुरी कोणी द्यावयाची, बंद कक्षामुळे बुडालेली कमाई कोणाच्या माथी पडावी, आणि ही वही न भरल्यास अनामतीतून किती रक्कम कापावयाची, एवढे आणखी तीन मजकूर घालता येतात. खूटकटाई होळीच्या सुमारास होते आणि लिलाव बहुधा त्याच्या आगेमागे. तेव्हा पुढील हंगामापुरते बोलावयाचे तर हे तीन मजकूर हिवाळ्यातल्या ग्रामसभेतच ठरले पाहिजेत.